वादीची ओटी

आखातात, अल् घुब्र्याच्या वस्तीमागे, डोंगराच्या पायथ्याशी ती इमारत होती. देशात तेल निघालं तेव्हा आलेल्या युरोपियन इंजिनियरांसाठी कुणा इटालियन माणसाने बांधलेली. कमानीच्या खिडक्या, नक्षीचे लोखंडी कठडे, अंगणात मधोमध कारंजं, ज्यातून पाणी उडताना कुणी कधी पाहिलं नाही. आणि नाव काय, तर म्हणे 'रिव्हर व्ह्यू'! जिथे बारमाही नदी औषधालासुद्धा सापडत नाही, तिथे नदीचं दर्शन. खाली होती ती वादी, म्हणजे दगडगोट्यांचं कोरडं पात्र. त्यात बकऱ्या चरायच्या आणि सुट्टीला पोरं क्रिकेट खेळायची.

मंगलाला तेवढंही पुरलं. ती संगमेश्वरची, नदीकाठी वाढलेली. नवरा दयानंद एसीच्या कंपनीत फोरमन. घर बघायला आली तेव्हा तिने ना स्वयंपाकघर पाहिलं ना न्हाणीघर. बाल्कनीत जाऊन उभी राहिली ती राहिलीच. वर्षा-दोन वर्षांतून कधी डोंगरात पाऊस व्हायचा आणि वादी वाहू लागायची. मग मंगला हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू घेऊन मागच्या दगडी पायऱ्या उतरायची आणि वादीची ओटी भरायची. यांना दीर्घायुष्य दे, एवढंच मागायची.

"अगं, नदी नाही ती, नाला आहे," दयानंद चिडवायचा.

"पाणी वाहतं ना? मग बाईच ती," ती म्हणायची. खण वाहत दिसेनासा झाला की समाधानाने वर येऊन सांगायची, "घेतली हो तिने."

यंदा इमारत पाडायचं ठरलं. एकेक बिऱ्हाड गेलं. त्यांच्या मुलाने, अनयने, माबेल्यात आपल्या शेजारीच फ्लॅट बघून ठेवला. सामान बांधून झालं आणि नेमकं तेव्हाच डोंगरावर आभाळ दाटलं. दुपारी वादीत पाण्याची बारीक धार आली. मंगलाला वाटलं, आपला निरोप घ्यायलाच आली.

पण लिफ्ट बंद, आणि हिचे गुडघे कामातून गेलेले.

"राहू दे ना आता. खलास झालं इथलं," दयानंद म्हणाला.

"शेवटचीच आहे हो. वरून फेकू नका, हाताने पाण्यात सोडा."

तो हसत हसत ताट घेऊन निघाला. मागच्या पायऱ्या ठेकेदाराने आधीच फोडल्या होत्या, म्हणून तो वळसा घालून गेला, रस्ता पात्रातून आरपार जातो तिथे. मंगला बाल्कनीतून बघत होती. तो वाकला, खण-नारळ सोडला आणि वर बघून त्याने हात केला.

कोकणातला पूर चढत चढत येतो, माणसाला उठायला वेळ देतो. हे पाणी वळणावरून भिंतीसारखं आलं, मातकट, दगडधोंडे गडगडवत. "अहो!" तिने कठड्यावरून हाक मारली. ती त्याला ऐकू आली की नाही, देव जाणे. बघता बघता तिथे रस्ता नव्हता आणि दयानंदही नव्हता. काय म्हणावं या बाईच्या नशिबाला! ज्याच्यासाठी मागणं मागायचं, त्यालाच आपल्या हाताने धाडलं.

पोलीस आले, हेलिकॉप्टर फिरलं, समुद्रापर्यंत शोध झाला. हाती काही लागलं नाही. वादी आटली. बकऱ्या पुन्हा चरायला आल्या.

मंगला बाल्कनीतून हलेना. जेवणाचं ताट तसंच परत जाई.

"आई, प्लीज, चल आता," अनय म्हणाला. "उद्या मशीन घेऊन येतायत ते लोक."

"हे आले आणि दार बंद दिसलं, तर कुठे जातील रे?"

अनयला रडू आवरेना. तेवढ्यात वॉचमन सिराज दारात आला. भला माणूस. शोध थांबला तरी तो रोज पात्रात उतरत होता. त्याने हातातली घडी संकोचत पुढे केली.

"भाभीजी, ये आपका है ना? नीचे बबूल में अटका था. मैंने धो दिया."

हिरवा खण होता. धुऊन, इस्त्री करून आणलेला. कोपऱ्यावर हळदीचा डाग तेवढा राहिला होता. मंगलाने त्यावरून हात फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला.

"नाही घेतली रे तिने," ती अनयला म्हणाली. "ओटी परत केली, आणि ह्यांना ठेवून घेतलं."