आईच्या वितीनं खोली

गोंदियाजवळच्या कुडव्यातली भाड्याची खोली मी वितीनं मोजली. घरमालकिणीला टेप मागितला तर म्हणाली, "क्यों, दीवार तोड़नी है क्या?" कोण तिच्या नादी लागतं! अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी, अशा विती टाकत भिंतीभिंतीनं फिरले. मग चौकटीच्या कागदावर एक वीत म्हणजे एक चौकट धरून नकाशा काढला. दार, खिडकी, गॅसचा ओटा, माझी पेटी आणि खिडकीखाली आईची बाज.

हा सगळा खटाटोप आईसाठी. बाबा गेल्यापासून ती दवनीवाड्याला एकटी होती आणि मला गोंदियात नोकरी लागली होती. माझ्याकडे चल म्हटलं की तिचं एकच, "तुया खोलीत माही बाज मावते काय? कायले अडचण करून घेतं!" म्हटलं, थांब, आता कागदावरच दाखवते.

सुटीत घरी गेले आणि कागद पुढे ठेवला. आईनं तो उलटा-सुलटा केला. "मले कागदातलं समजत नाही. तू चौकटी मोज, मी अंगणात आखतो." आमच्याकडे बायकासुद्धा 'आखतो', 'जातो'च म्हणतात. मी आकडा सांगायची, ती वाकून विती टाकायची आणि मागोमाग चुलीतली राख सोडायची. दाराची जागा मोकळी ठेवली. मग दोघींनी बाज उचलून आत नेली, तर दोन खूर रेघेच्या बाहेर!

"पाहून घे," आई म्हणाली. "नाही मावत." वर खूश!

माझं डोकंच फिरलं. एवढी मरमर करून मोजलेली खोली लहान होईलच कशी? मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. जन्मभर धानाची रोवणी करून आखडलेली बोटं. मी तिचा पंजा ओढून माझ्या पंजाला लावला. माझी बोटं चांगली पेरभर वर निघाली.

आई बघतच राहिली. "तुहा हात कवा एवढा मोठा झाला वं?"

मला एकदम रडूच आलं. "मंग चाल ना! मले तथी एकटीले जेवण जात नाही."

आईनं खराटा आणून राख झाडली. या खेपेला विती मी टाकल्या. बाज मावली, वर बाजूला जागाही उरली. आई बाजेवर बसली, इकडेतिकडे पाहिलं.

"अन् तू कोठी झोपशीन?"

मी बाजेशेजारी जमिनीवर आडवी होऊन दाखवलं.

तेवढ्यात शेजारची काकू विरजण मागायला आली आणि सरळ राखेच्या रेघेवरून आत शिरली. आई बाजेवरूनच ओरडली, "अवं, भिंतीतून कायले येऊन राहिली? दार दिसत नाही काय!"