वसंतमामांनी रिजेक्ट केलेली गाडी

आमचे वसंतमामा देवमाणूस वगैरे अजिबात नव्हते.

आज दुपारी वाळूजजवळच्या रांजणगावात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. सहा जण माईकवर येऊन 'देवमाणूस' म्हणून गेले, म्हणून आधी हे स्पष्ट करतो.

या सहाही जणांकडे गाड्या आहेत. मामा जिवंत असताना एकानेही त्यांना खुशीने गाडीत घेतलं नाही.

कारण मामा बसले की पहिलं वाक्य ठरलेलं.
"टेप बंद कर."

मग डोळे मिटून बसायचे. खड्डा आला की, "ऐकलं? खट् वाजलं. डावीकडं."

वाळूजच्या एका कंपनीत सस्पेन्शनच्या पार्टचं इन्स्पेक्शन करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आठवडाभर पार्ट रिजेक्ट करायचे आणि सुट्टीच्या दिवशी नातेवाईकांच्या गाड्या.

माझा मावसभाऊ प्रवीण आज माईकवर रडला. हाच प्रवीण मामा गाडीत बसले की मुद्दाम गाणं मोठं करायचा. पुढून खडखड यायला लागली की गाण्याचा आवाज वाढवायचा, हे आमच्या खानदानातलं सर्वमान्य रिपेअरिंग आहे.

प्रवीण, तुला टॅग केलंय. वाच.

पण मी प्रवीणपेक्षाही खालच्या दर्जाचा माणूस आहे. ते सांगायला ही पोस्ट.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक होती. स्टेअरिंग डावीकडे ओढायचं. चाकांची अलाइनमेंट करून घेतली. महिन्याभरात परत ओढायला लागली. परत अलाइनमेंट. तिसऱ्यांदा केली तेव्हा पावती डॅशबोर्डवर ठेवली, मामांना दिसेल अशी.

सिल्लोडला प्रवीणचा साखरपुडा होता. आई पुढे बसलेली, मामा-मामी मागे. हर्सूलच्या पुढे जेमतेम गेलो असू.

"थांबव."

मामांनी स्वतः जॅक लावला. डावं चाक उचललं, वर-खाली धरून हलवलं.
खट्. खट्.

"ब्रेक दाब."
मी दाबला. त्यांनी परत हलवलं. परत खट्.

"ब्रेक दाबून बी हलतंय. म्हंजे बेअरिंग नाय, बॉल जॉइंट गेलाय. चाक त्याच्यावरच धरलेलं असतंय. त्यो निसटला की चाक आडवं."

"मामा, कालच अलाइनमेंट केलीय."

"खुर्चीचा पाय मोडलाय अन् तू रंग मारून आलाय."

मग आईकडे वळून म्हणाले, "अक्का, उतर खाली. ह्या गाडीत बसायचं नाय."

आई उतरली. ठेवणीतले कपडे घालून तिघं एसटीने गेले.

मी रिकामी गाडी घेऊन सिल्लोडला पोचलो. मांडवात सगळ्यांसमोर मामांना म्हणालो, "आली की नाही गाडी?"

लोक पोट धरून हसले. मामा फक्त म्हणाले, "रिजेक्ट हाय ती."

पंधरा दिवसांत मी गाडी विकली. दुरुस्त न करता.

घेणारे सिल्लोडचे सलीमभाई. मक्याच्या आडतीवर काम करतात. त्यांनी विचारलं, "पुढच्या चाकांचं काही काम आहे का?"
मी अलाइनमेंटची पावती दाखवली.

संध्याकाळी मामांचा फोन.
"घेणाऱ्याला सांगितलं का?"
"सांगितलं ना."
"नाव काय त्याचं?"
मी नाव सांगितलं, आडतही सांगितली. त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, सुटलो.

आज सातवे बोलायला उभे राहिले ते सलीमभाई. मी त्यांना ओळखलंच नाही.

"गाडी घेतली त्याच हप्त्यात मामू एसटीनं आमच्या दारात. खांद्यावर गोणी. मला वाटलं, काही विकायला आले. गोणीत चाक धरायचे दोन नवे लोअर आर्म, बॉल जॉइंटसकट. म्हणले, 'भाच्याकडून राहून गेलं व्हतं, त्यानंच पाठवलंय.' गॅरेजवर उभं राहून बसवून घेतले. नंतर पण वर्षातून दोनदा यायचे, चाक हलवून बघायचे, चहा पिऊन जायचे. मी पोरींना घेऊन त्याच गाडीत अजिंठ्याचा घाट उतरतो. असे मामू भेटत नाय, अन् असे भाचे पण भेटत नाय."

आणि त्यांनी माझ्याकडे हात केला.

सगळे वळून बघायला लागले. प्रवीणने पाठीवर हात ठेवला.

मी हात जोडले. मान खाली घातली. नम्र दिसणं मला छान जमतं.

जेवणं झाल्यावर मामींना गाठलं.
"मामी, तुम्हाला माहीत होतं?"
"गोणी म्याच बांधून दिली की."
"मला का नाही सांगितलं?"
"ते म्हणले, त्याला सांगून काय उपेग? लाज असती तर इकलीच नसती."
"मग माझं नाव कशाला पुढं केलं?"
मामी ताटं उचलत होत्या. "तुझ्यासाठी नाय रं. अक्काचं नाव जाईल म्हून."

मामा हट्टी होते, तापदायक होते. माझ्याबद्दलचं त्यांचं मत अगदी बरोबर होतं. मला त्यांची फार आठवण येतेय, आणि हे चारचौघांत म्हणायची माझी लायकी नाही.

तासाभरापूर्वी सलीमभाईंची फ्रेंड रिक्वेस्ट आली. स्वीकारलीय. पोस्ट पब्लिक ठेवलीय.

सलीमभाई, लोअर आर्म मी पाठवले नव्हते.

बॉल जॉइंट गेलाय हे मला माहीत होतं. तुम्ही गाडी न्यायला आलात तेव्हा तुमच्या दोन्ही पोरी बरोबर होत्या. मागचं दार मीच उघडून दिलं, आणि त्यांना आत बसवलं.

वसंतमामा, अखेरचा जय भीम.