कंसातला आकडा

बनशंकरीत राहायला आल्यापासून कुरिअरवाल्यांचा फोन ठरलेला: "अक्का, याव क्रॉस?" म्हणजे कानडीत, कितवा क्रॉस. इथल्या बहुतेक गल्ल्यांना नावं नसतात, नंबर असतात. त्या गल्ल्यांनाच क्रॉस म्हणतात. पत्त्यात नंबर लिहिलेला असूनही आमचं पार्सल भलत्याच क्रॉसला जाऊन बसायचं.

मुलांसाठी सोडलेली नोकरी बऱ्याच वर्षांनी बेळ्ळंदूरच्या एका कुरिअर कंपनीत पुन्हा मिळाली, तीही चाचणीवर. काम नेमकं हेच होतं, पत्त्यातून क्रॉसचा नंबर वेगळा काढायचा. जमलं तर कायम, नाहीतर परत घरी. मला परत घरी बसायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

पत्त्यात काय शोधायचं, त्याचा साचा संगणकाला लिहून द्यावा लागतो. तो मी लिहिला, आकड्याभोवती कंसही घातला. पण हाती यायचा अख्खा ‘७ वा क्रॉस’. पार्सलं वाटणाऱ्या मशीनला हवा नुसता आकडा. त्याने चाचणीची सगळी पार्सलं ‘पत्ता अपुरा’च्या ढिगात टाकली.

शेजारचा पुणेकर सहकारी म्हणाला, "ताई, पॅटर्नच गंडलाय. सगळा नव्याने लिहा."

दुसऱ्याचं काम नव्याने लिहायला सांगण्यात पुणेकरांचा हात कोण धरणार! मी नागपूरची, ऐकते थोडीच. साचा चुकला असता तर काहीच सापडलं नसतं. इथे सापडत होतं, उलट जरा जास्तच. मग मी कंस घातला होता कशाला?

एरवी आपण कमी महत्त्वाचं ते कंसात टाकतो. इथे जे हवं तेच कंसात. सापडलेला अख्खा तुकडा म्हणजे मटारची शेंग, ती संगणकाकडे शून्य नंबरवर मागायची, आणि कंसातले दाणे एक नंबरवर. मी आपली शेंगच मागत बसले होते. शून्य खोडून एक लिहिला. समोर ७ आला, नुसता ७.

मॅनेजर बाईंनी आपल्या मल्लेश्वरमच्या घराचा पत्ता घालून पाहिला. आकडा बरोबर आला. "सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या, "तुम्ही पर्मनंट."

घरी नवरा म्हणाला, "एवढंच? शून्याचा एक केलास?"

"हो, एवढंच. पण कुठल्या शून्याचा, ते मला कळलं," म्हटलं आणि चहा त्यालाच टाकायला लावला.

पुढे एका शनिवारी बेल वाजली. दारात कुरिअरवाले अण्णा, फोन न करता आलेले. "क्रॉस नहीं पूछा?" मी विचारलं.

"बॅगपे लिखा है, अक्का."

बॅगेवर आमच्या क्रॉसचा आकडा होता, ठळक छापलेला. "ये मैंने किया है," मी सांगून टाकलं. का नाही सांगायचं?