पट्ट्यापट्ट्यांची नाव

नाव आम्ही जन्मात एकच बांधली, पण तिचे किस्से थांबायला तयार नाहीत. दरवर्षी एखादा नवा निघतो, आणि तो मलाच ठाऊक नसतो! परवा लोणावळ्यात टपरीवर एक बाप्या मला सांगत होता, की ती नाव धरणात बुडाली नि तिघं गेले. त्या तिघांतला एक मी. म्हटलं, "चहा सांग. मेलेल्याला चालतो."

म्हणून खरे तेवढे लिहून काढतो. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ काढत बसणाऱ्यानं दुसरं काहीतरी वाचावं.

* * *

तिघं म्हणजे करमरकर साहेब, भिकू आणि मी. साहेब मुंबईची नोकरी संपवून खंडाळ्याच्या बंगल्यात राहायला आलेले. वेळ जाईना, म्हणून दिसेल ते करून बघायचे. भिकू त्यांचा माळी. मी रेल्वेत फिटरच्या हाताखाली, भिकूचा दोस्त. हत्यारं माझी, म्हणून मला ओढलं.

साहेबांकडे एक विलायती मासिक आलं. त्यात नावेचं चित्र, दोन्हीकडून निमुळती, वल्ह्यानं चालवायची. प्लायवूडचे साचे ओळीनं उभे करायचे, त्यांच्यावर बोटभर रुंदीच्या लाकडी पट्ट्या एकीला एक चिकटवत जायचं. वर काचेच्या धाग्यांचं कापड पसरून त्यावर रेझीन, म्हणजे काकवीसारखं चिकट रसायन, फासायचं. ते वाळलं की दगड. मग साचे काढून आतूनही तसंच.

"सोपं आहे," साहेब म्हणाले. हे वाक्य पुढं मी लय वेळा ऐकलं.

भिकूनं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाला, "सायेब, हिच्यात बसून पल्याड जाता यील?"

पवनेच्या धरणात भिकूचं गाव गेलं होतं. गाव गेलं तसं माणसं इकडंतिकडं पांगली. भिकू नि त्याची आई अलीकडं पवनानगरच्या बाजूला, बहीण सकू पल्याड सासरी. आधी मधल्या पायवाटेनं भाकरी गरम असताना पोचायचे. आता मधे पाणी. वळसा घालून जायचं तर डोंगरातनं दिवसभर चालायचं, आणि म्हातारीचे गुडघे गेलेले. सकूला पोरगी झाली, ती रांगायला लागली, तरी आजीनं नात बघितली नव्हती.

साहेब म्हणाले, "भाऊबीजेला तुझी आई पल्याड. पहिली फेरी तिची."

"भाऊबीज भावाची असती, आयेची न्हाई," मी म्हटलं.

"तू गप रं," भिकू म्हणाला.

* * *

वखारीत पट्ट्या कापायला गेलो. वखारवाल्यानं माप ऐकलं नि करवत बंद केली. "एवढ्या बारीक? पतंग करायचाय का?"

"नाव," साहेब म्हणाले.

"कागदाची करा. लवकर होईल."

पट्ट्या एसटीच्या टपावर टाकल्या. गाडी हलली की त्या मागं-पुढं झुलायच्या. कंडक्टर खाली उतरून, पुढं जाऊन, टोक बघून आला. म्हणाला, "साहेब, तुमचं सामान गाडीच्या आधी पोचतंय. त्याला स्टॉपवर उतरवायला कोण उभं आहे का?"

* * *

रेझीनमधे हार्डनर म्हणून एक औषध घालायचं असतं. थेंब मोजून. त्या दिवशी खंडाळ्यात धुकं खिडकीतनं आत येत होतं. साहेबांनी विचार केला, थंडी आहे, वाळायला उशीर लागेल, आणि हात सैल सोडला.

डबा धरवेना इतका तापला. मग त्यातनं धूर यायला लागला. साहेब ब्रश काढायला गेले, तर डबाच वर आला. ब्रश, रेझीन, डबा, सगळं एक झालेलं!

बाईसाहेब नाकाला पदर लावून दारात आल्या. म्हणाल्या, "या घरात एकतर ही नाव राहील, नाहीतर मी."

साहेब विचार करायला लागले. तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी नाव टेम्पोत.

* * *

टेम्पो भिकूच्या नव्या गावाच्या फाट्यावर थांबला. पुढं पाणंद. नाव पालथी करून आम्ही खांद्यावर घेतली, पुढं भिकू, मागं मी. नव्या लाकडाला धूळ लागू नये म्हणून साहेबांनी वर पांढरी चादर बांधलेली. वाटेत रेझीनच्या डब्याला भोक पडलं, म्हणून उरलेलं मडक्यात काढलं होतं. ते मडकं छातीशी धरून साहेब सगळ्यांच्या पुढं.

गावात शिरलो तर बाप्यांनी टोप्या काढल्या. बाया बाजूला सरल्या. मला आत अंधारात नुसते पाय दिसत होते. पण मागं चपलांचे आवाज वाढत चालले, ते ऐकू येत होते.

एक आबा साहेबांच्या जोडीनं चालायला लागले. हळूच म्हणाले, "कवा झालं हे?"

साहेब म्हणाले, "तशी सुरुवात पावसाळ्यापासून. पण काल बायकोला वास सहन होईना."

आबांनी मडक्याकडं बघितलं. "घरातलंच का?"

"घरातलंच. सगळं आम्ही घरीच केलं!"

आबा मागं राहिले. भिकूच्या दारात आम्ही नाव उतरवली, चादर काढली, तेव्हा निम्मं गाव अंगणात उभं होतं. भिकूनं सगळ्यांना चहा दिला. आबांनी घेतला नाही. त्यांनी सरपण आणायला माणसं लावली होती.

* * *

आता काचेच्या कापडाचं. ते दिसायला मऊ. पण वाळल्यावर घासायला घेतलं की त्याची धूळ उडते नि अंगात घुसते. भिकूनं बंडी काढून दुपारभर घासलं. संध्याकाळपर्यंत मानेपासून कमरेपर्यंत लाल पुरळ, आणि खाजवायचा थांबेना.

म्हातारीनं एकदा बघितलं. कडुलिंबाचा पाला आणला, घोंगडीवर पसरला, भिकूला त्यावर बसवला. दाराला लिंबाची डहाळी. मला म्हणाली, "तू बी बस. तुज्या बी मानंवर दिसत्यात."

साहेब आले ते खाजवतच आले. त्यांनाही बसवलं. तिघं ओळीनं, कपाळाला हळद.

साहेब म्हणाले, "मावशी, ही काच आहे हो. काचेची धूळ."

म्हातारीनं गालात मारून घेतलं. "देवीला काच म्हनू नगंस बाबा. कोपली तर डोळ्यात उतरंल."

साहेबांनी हात जोडले. म्हातारीनं आम्हाला कण्या खायला घातल्या नि बिनतेलाच्या भाजीवर दोन दिवस ठेवलं. पुरळ गेलं. देवीचं नाव झालं.

* * *

बाहेरून काच लागली, साचे निघाले. आतलं काम राहिलेलं. उन्हाला धरली की पट्ट्यांच्या सांध्यांतनं उजेड दिसायचा. बाहेरच्या काचेला पाणी अडतं, पण म्हातारीला ते कोण सांगणार? आम्ही आठवडाभर गेलो नव्हतो. दिवाळी तोंडावर आली होती.

गेलो तर पडवीत नाव दिसेना. एक भलीमोठी शेणानं सारवलेली कणगी आडवी पडलेली. म्हातारी कोपरापर्यंत शेणानं भरलेली, हात धूत होती.

भिकू ओरडला, "आये, काय केलंस गं ह्ये!"

"फटी हुत्या. भात भरलं असतं तर समदं गळलं असतं. उंदीर शिरला असता."

"ह्यात भात भरायचं न्हाई! तुला बसायचंय!"

"मग तर सारवायलाच पायजे. उघड्या लाकडावर लेकीकडं जाऊ व्हय?"

साहेबांनी आत हात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठंच अडला नाही. मग बाहेरनं आपलं रेझीन चाचपलं. त्यात बुडबुडे होते, ब्रशचे केस होते, एक माशीसुद्धा होती.

म्हणाले, "भिकू, आतलं धुऊया. पण माझ्या बायकोला आतलं नि बाहेरचं दोन्ही दाखवू नकोस."

* * *

आतूनही काच लावून झाली. नाव गळते का बघायची रीत आमची उलटी. पाण्यात घालण्याआधी तिच्यातच पाणी भरलं. गळलं तर बाहेर दिसेल, कोणी बुडायला नको. साहेब गुडघ्यावर बसून खालून बघत होते. तोवर शेजारची म्हैस आली, तोंड घातलं, निवांत पाणी प्याली नि गेली.

शेजारी आला. म्हणाला, "डोणी झ्याक झाली हाय. पर एवढ्या लांब डोणीला माजी एकच म्हस हाय. दुसऱ्या टोकाला कोन?"

* * *

भाऊबीज आली. पाणी काठोकाठ. साहेब काठावर राहिले, पहिली फेरी म्हातारीची म्हणाले होते. पुढं मी, मागं भिकू, मधे म्हातारी, मांडीवर लाडवांचा डबा नि नातीसाठी शिवलेली कुंची. नाव अशी डुगडुगत होती की श्वास घ्यायलाही विचार करावा लागे.

"हलायचं न्हाई मावशी," मी म्हटलं.

"मी कशाला हलतीय? तूच हलतूयास."

पल्याड सकू दिसायला लागली. कडेवर पोरगी. आधी ठिपका, मग लुगड्याचा रंग, मग हात हलवताना. वारा सुटला होता. पाणी कडेवरनं आत येत होतं, नि माझे दंड भरून आले होते. म्हटलं, आता थोडंच राहिलं.

म्हातारी म्हणाली, "थांब."

भिकू म्हणाला, "आये, हितं थांबता येत न्हाई."

म्हातारीनं मान न हलवता एकदा तुंग किल्ल्याकडं बघितलं, एकदा तिकोन्याकडं. मग समोरच्या डोंगराच्या सोंडेकडं. "पायताणं काढा."

"का?"

"खाली भैरोबा हाय. आपल्या गावाचा. हितंच हाय. देवाच्या डोस्क्यावरनं जायाचं न्हाई."

भिकू खाली बघत राहिला. खाली नुसतं हिरवं पाणी. मग त्यानं वल्हं मांडीवर घेऊन एकेक चप्पल काढली. मी पण काढली. नाव तेवढ्यात दोनदा तिरकी झाली.

"आता उजव्या हाताला ठेवून वळसा घाल."

वळसा घातला. दम लागला. म्हटलं, "चला आता मावशी. सकू वाट बघतीया."

"एकच व्हय? गाव उठलं तवापास्नं कोन आलं न्हाई त्याच्याकडं. पाच परदक्षिना घाल."

घातल्या. दुसऱ्या फेरीला काठावर माणसं जमली. तिसरीला वाऱ्यानं आमचं टोक सकूकडं वळवलं. भिकूनं दात खाऊन ते परत फिरवलं. म्हातारी हात जोडून, डोळे मिटून. पाणी तिच्या लुगड्याला लागलं होतं, ते तिला कळलंसुद्धा नाही.

चौथीला सकू पोरगीला घेऊन गुडघाभर पाण्यात आली. आम्ही जवळ यायचो नि परत लांब जायचो. ती रडत-ओरडत होती, "आये! हिकडं! अगं हिकडं, आये!"

म्हातारीनं डोळे उघडले नाहीत.

"ओरडू नगंस गं! देवळात हाय मी!"