देवभाताची सोयरीक

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्या आणि तुटके चष्मे साठावेत तसे ते साठत जातात, आणि एक शोधायला गेलं की भलतेच चार हाताला लागतात. परवा मला माझी जुनी चिमटी सापडली आणि पनवेलचं आमचं भात-संशोधन केंद्र आठवलं. बसा, चहा येईपर्यंत सांगतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पनवेल सोडलं की खाडीपर्यंत भाताची शेतं आणि मिठागरं. बांध फुटून खारं पाणी शिरलं की शेत नासायचं. पण कोणी न पेरता उगवणारं देवभात खाडीकाठी त्याच पाण्यात ताठ उभं! आमच्या बर्वेसाहेबांनी ते पाहिलं आणि मनाशी एकच धरलं: या देवभाताचा आपल्या पांढऱ्या भाताशी संकर करायचा आणि खाऱ्या जमिनीत तगणारं भात काढायचं. पण दर वर्षी लोंबीत नुसती पळींज, म्हणजे पोकळ दाणे. साहेबांची निवृत्ती जवळ आली होती. त्याआधी एक तरी दाणा भरेल का, एवढाच आम्हा सगळ्यांना घोर होता.

काम तसं साधं, पण जिवावर येणारं. भाताचं फूल ऊन चढलं की जरा वेळ उघडतं आणि मिटतं. ते उघडण्याआधीच त्यातले केसर चिमटीने काढायचे, लोंबीवर बटरपेपरची पिशवी चढवायची आणि नेमक्या वेळी देवभाताचा पराग वर झटकायचा. एखादा केसर आत राहिला, तर फूल आपल्याच परागाने दाणा धरणार आणि आपण उगाच नाचणार! चिमट्या माझ्या आणि पेंडसेच्या हातात. कात्री, पिशव्या आणि पराग झटकायचं काम हौसाबाईकडे. ती जवळच्याच आगरी गावातली. तिचं स्वतःचं शेत बांध फुटून खारं झालं होतं.

एकदा साहेबांनी हौसाबाईला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. परागकणाला बारीक नळी फुटलेली दिसत होती. साहेब समजावू लागले, "कण पडला की फूल आधी त्याची ओळख तपासतं. दोघांच्या पेशी एकमेकींना रसायनांतून इशारे देतात. पटलं तर नळीला आत वाट मिळते, नाही पटलं तर तिथेच थांबवतात."

"म्हंजे पाव्हन्याला उंबऱ्यावर उभा करून कुल इचारतात!"

"हौसाबाई, हे लग्न नव्हे. ही पेशींची आपसातली बोलणी आहेत."

"बोलनीच तं! लग्नात तरी पयलं काय आसतं सायब?"

साहेबांनी चष्मा पुसला. त्या दिवशी पुढचं व्याख्यान झालं नाही.

आमच्या बटरपेपरच्या पिशव्या पुण्याहून यायच्या आणि फार जपून वापराव्या लागायच्या. पेंडसे घरी कांदासुद्धा जपून खाणारा, पण बाहेर त्याला सुकटीचं, म्हणजे वाळवलेल्या बारीक कोलंबीचं, भारी वेड. एकदा त्याने करंजा बंदरावरून सुकट आणवली आणि बांधून ठेवायला काही मिळेना म्हणून संकराच्या पिशवीत भरली. खाऊन झाल्यावर पिशवी झटकून पुन्हा गठ्ठ्यात ठेवली, काटकसर म्हणून!

दोन दिवसांनी शेतातली एकच पिशवी फाडून, लोंबी आडवी करून, एक मांजर तिथे मिशा चाटत बसलेलं. साहेब खाली वाकले, पिशवीचा वास घेतला, आणि पेंडसेकडे बघून अगदी शांतपणे म्हणाले, "पेंडसे, या भाताला बाप म्हणून कोलंबी नेमली होती का?"

याच पेंडसेचं लग्न कसं जमलं ते ऐका. जवळच्या आपटा गावी मुलगी बघायला गेला. ढगाळ सकाळ होती. पोहे आले, मुलगी आली, मुलीच्या वडिलांनी विचारलं, "नोकरीत पुढे वाव आहे ना?" तेवढ्यात ढग फाटले आणि ओटीवर ऊन आलं. झालं! पेंडसे बशी ठेवून ताडकन उठला. "फुलं उघडली असतील!" असं ओरडून तो जो निघाला तो थेट केंद्रावर. सोबत आलेला त्याचा मामा तिथेच बसलेला, तोंडात पोहे, गिळताही येईनात.

वडील संतापले. मुलगी मात्र म्हणाली, "मला चालेल. कामासाठी असा धावतो, तर घरासाठीही धावेल." लग्नात सप्तपदीच्या वेळी मांडवावर ऊन आलं, तेव्हा तिने पेंडसेचं उपरणं घट्ट धरून ठेवलं होतं.

एकदा वरचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांना तपकिरीची सवय. बर्वेसाहेब त्यांना बांधावरून शेतात घेऊन गेले. हौसाबाईने पिशवी काढली, देवभाताची लोंबी वर धरली, आता झटकणार, तोच मोठ्या साहेबांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि अशी शिंक दिली की बांधावरचे बगळे उडाले! पराग कुठल्या कुठे गेला. सरकारी शिंकेला कोण काय बोलणार?

बर्वेसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सर, खाडीपलीकडे उरणला भात असेल, तर यंदा तिकडे पीक चांगलं येईल."

शिंकेनंतर साहेबांनी नियमच केला: पराग झटकताना कोणी बोलायचं नाही, श्वाससुद्धा बाजूला सोडायचा. हा नियम हौसाबाईला फार जड गेला. कारण ती गावची धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. लोंबीवर लोंबी धरली की तिच्या गळ्यात धवला यायचाच. मग तिने युक्ती काढली. पदराचा बोळा तोंडात धरायची.

एके दिवशी पदर तोंडात आणि गुणगुण चालूच! साहेब खेकसले, "हौसाबाई! तोंड बंद आहे ना? मग आवाज कुठून येतो?"

तिने बोळा काढला. "सायब, धवला काय तोंडातनं येतो व्हय?"

आणि बोळा पुन्हा आत गेला.

शेवटच्या हंगामात एका लोंबीत एक दाणा भरला. एकच, वेडावाकडा, सुरकुतलेला. पेंडसे नाचायलाच लागला. साहेबांनी त्याला खाली बसवलं. "केसर राहून गेला असेल. उगवू दे. पांढऱ्या भाताचा कोंब बुडाशी हिरवा असतो, देवभाताचा जांभळा. हिरवा निघाला तर आपणच आपल्याला फसवलं."

दाणा काचेच्या बशीत ओल्या कापसावर ठेवला. साहेबांचा निवृत्तीचा महिना. ते रोज आले की टोपीही न काढता आधी बशीपाशी जायचे. खूप दिवस काहीच नाही. मग पांढरं टोक आलं. साहेबांना जेवण जाईना. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, खरं सांगतो. एवढी वर्षं एका माणसाने एकाच गोष्टीची वाट बघितलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

निरोप समारंभाच्या सकाळी मी आणि पेंडसे हार आणून ठेवत होतो. साहेब बशीवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग बशी दोन्ही हातांत धरून ते बाहेर खळ्यावर निघाले. आम्ही मागोमाग. खळ्यावर बायका भात झोडत होत्या. साहेबांनी बशी हौसाबाईसमोर धरली. कोंब बुडाशी गर्द जांभळा होता.

झोडणी थांबली. साहेबांनी टोपी काढून काखेत धरली.

"हौसाबाई," ते म्हणाले, "आता म्हणा."

हौसाबाईने सवयीने पदर तोंडाशी नेला. मग तो खाली सोडला.