निळ्या शर्टाचा खिसा

डोंगराच्या पायथ्याला जंगलातली पायवाट झाडणाऱ्या बाईंना सगळे पट्टीबाई म्हणत. वादळात फांद्या मोडल्या की त्यांवर वाढलेली ऑर्किडंही खाली येत आणि पाचोळ्यात कुजत. बाई ती उचलून उभ्या झाडांना बांधायच्या. सुतळी मुळांना काचते, म्हणून जुन्या सुती कपड्यांच्या पट्ट्या. उतारावरच्या निम्म्या झाडांच्या अंगावर बाईंच्या घरचेच कपडे होते. जावयाचा पायजमासुद्धा सुटला नव्हता.

"बांडगुळांचे कसले लाड!" नवरा म्हणायचा. जन्मभर ट्रक चालवून तो आता घरी बसला होता.

"बांडगूळ झाडाचा रस पितं. हे बिचारं नुसतं बसतं."

"म्हणजे माझ्यासारखं," म्हणत तो स्वतःच हसायचा. माणूस मोठा गमत्या.

पण मागच्या वादळानंतर बाईंनी त्याचा निळा चौकडीचा शर्ट फाडला आणि घरातलं हसणं संपलं. बाईंना पहिल्यांदा भेटायला तो त्याच शर्टात आला होता. आता त्याची बटणं पोटावर लागतही नव्हती.

"अहो, घालत कुठे होता तुम्ही?"

"घालायला ठेवलाच नव्हता," एवढं बोलून त्याने अबोला धरला. बाईंना घर खायला उठलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "चला, शर्टाचं उरलंसुरलं सोडवून आणू."

इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच तो उतार चढला, धापा टाकत. निळ्या पट्टीपाशी बाईंनी कात्री काढली. मुळांनी अजून खोड धरलं नव्हतं. पट्टी कापली की ऑर्किड खाली येणार. बाईंच्या जिवावर आलं होतं, पण नवऱ्यापुढे ऑर्किडचं काय!

त्याने गाठ चाचपून पाहिली. "राहू दे. खिसा कुठाय?"

खिसा जरा वरच्या झाडाला बांधलेला होता. एक टीचभर रोप बांधताच येईना, म्हणून बाईंनी ते शेवाळासकट खिशात ठेवलं होतं. त्याला इवलंसं पांढरं फूल आलं होतं.

तो बघतच राहिला. "त्या दिवशी याच खिशात फूल आणलं होतं तुझ्यासाठी. द्यायचा धीर झाला नाही. तसंच परत नेलं."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढा बडबड्या माणूस, आणि इतकी वर्षं हे पोटात ठेवलं! तेवढ्यात त्याने खिशाकडे हात नेला.

"अहो, तोडायचं नाही!" बाईंनी चापटी मारली. "नुसतं दिलं म्हणा."

"दिलं," तो म्हणाला आणि त्याने हात खाली घेतला.