चिंच लावून घासलेलं चाक

इंजिन मी हाताने ढकलत होतो आणि तोंडाने सेकंद मोजत होतो. एकावन्न, बावन्न, त्रेपन्न. टेबलाच्या पलीकडे लिव्हर धरून तावडे उभा होता. त्याने पॉइंट फिरवला, सिग्नल पाडून गाडीला वाट दिली, आणि मी इंजिन प्लॅटफॉर्मला लावलं.

"किती?" मागून गोम्स साहेबांनी विचारलं. ते कधी आत आले ते कळलंच नव्हतं.

"सत्तर, साहेब."

त्यांनी हातातलं स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. चौऱ्याहत्तर.

"लेले, तावडेच्या वेळी तुझा हात जड होतो."

चार सेकंद म्हणजे टेबलावर जवळजवळ अडीच फूट. तेवढ्यात माणसाचा चुकलेला सिग्नल सुधारून होतो.

हे टेबल म्हणजे घाटकोपरची आमची मॉडेल रूम. रेल्वेच्या केबिनमनांना इथे शिकवत. केबिनमन म्हणजे केबिनमधून लिव्हर ओढून गाड्यांचे सांधे आणि सिग्नल बदलणारा माणूस. खऱ्या गाडीवर शिकवणं परवडत नाही, म्हणून टेबलावर बेचाळीस फुटांचा रूळ, दोन स्टेशनं आणि विजेवर चालणारी दोन छोटी इंजिनं, एक अप आणि एक डाउन. इंजिनं विलायतेतल्या एका मॉडेल बनवणाऱ्या कंपनीची, लढाईच्या आधी घेतलेली. परीक्षेला दोन्ही लागत. ती चालू ठेवणं हे माझं काम.

डाउन इंजिन ऑगस्टमध्ये बंद पडलं. मोटर फिरत होती, चाकं फिरत नव्हती. मोटरच्या दांड्यावर एक पोलादी स्क्रू असतो, त्याला वर्म म्हणतात. तो एका पितळी दातेरी चाकाला फिरवतो, आणि ते चाक इंजिनाला. त्या पितळी चाकाचे दात झिजले होते.

मी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की हे मॉडेल आता बनत नाही, ड्रॉइंग्ज लढाईत जळाली. नमुना पाठवलात तर त्यावरून नवीन चाकं कापून देऊ. मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नमुना पाठवला. चाकं ऑक्टोबरच्या अखेरीला बोटीने निघाली, कारण एअर पार्सलला आम्हाला सँक्शन नव्हती. बोट निघाली आणि सुवेझ कालवा बंद झाला. आमची सहा चाकं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली.

परीक्षा फेब्रुवारीच्या तेवीस तारखेला होती.

तावडेचं काय अडलं होतं ते सांगतो. तो कणकवलीकडचा, भांडुपला राहणारा, सोळा वर्षं पॉइंट्समन. उन्हापावसात रुळांवर उभं राहून हाताने सांधे बदलायचं ते काम. दोन वेळा तो केबिनमनच्या परीक्षेत थोडक्यात राहिला होता. जूनमध्ये त्याला चाळीस पूर्ण होत होती, आणि चाळिशीनंतर परीक्षेला बसता येत नसे. पुढची परीक्षा सप्टेंबरात होती. म्हणजे फेब्रुवारीत पास झाला तर केबिनमन, नाहीतर रिटायर होईपर्यंत रुळांवरच.

"हाताने ढकललेल्या गाडीवर परीक्षा घेता येणार नाही का?" मी त्या दिवशी साहेबांना विचारलं.

"एक्झामिनर सही करेल? मशीन कुणाला ओळखत नाही. तू ओळखतोस. चाकं आली नाहीत तर परीक्षा सप्टेंबरवर टाकायची. तसं मी वर लिहून ठेवलंय."

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. मी दर सोमवारी आणि गुरुवारी पोस्टात जायचो. तिथला क्लार्क मला दारात पाहूनच मान हलवायचा. घरी जेवताना माझं लक्ष नसे. एकदा मी आमटीत ताक ओतलं. सौ. म्हणाली, "अहो, त्या बोटीत तुम्ही बसलायत का?" तावडे रोज प्रॅक्टिसला आला की एकच प्रश्न करायचा, "लेलेसाहेब, चाक इला काय?" पुढेपुढे त्याने विचारणं सोडलं. दारात उभा राहून नुसतं माझ्या तोंडाकडे बघायचा. ते जास्त जड जायचं.

पार्सल बारा फेब्रुवारीला आलं. परीक्षेला अकरा दिवस होते.

सहाही चाकं मेणकागदात गुंडाळलेली, सोन्यासारखी झळझळीत. मी एक बसवलं, करंट दिला. मोटर घुंईं करून फिरली. इंजिन जागचं हललं नाही. दुसरं बसवलं. तेच. सहाही बसवून पाहिली. ऑगस्टमध्ये जसं चाक वर्मवरून सटकत होतं, अगदी तसंच नवीन चाक सटकत होतं.

गोम्स साहेबांनी पार्सलमधलं पत्र उघडून मोठ्याने वाचलं. इंग्रजीत होतं, मतलब असा: आपण पाठवलेला नमुना उत्तम स्थितीत असल्याने आम्ही त्यावरूनच सर्व मापं घेतली आहेत, आणि नवी चाकं नमुन्याबरहुकूम आहेत.

"उत्तम स्थितीत?" साहेब म्हणाले. "दात झिजलेलं चाक उत्तम स्थितीत?"

मला सगळं कळलं.

आमच्या आईची एक रीत होती. कल्हईवाल्याकडे भांडं द्यायचं तरी ती ते आधी चिंचेने घासून द्यायची. घाणेरडं भांडं घराबाहेर जाता कामा नये. मीही तेच केलं होतं. ते चाक ग्रीसने काळं झालं होतं, दातांच्या कडांना कुसं उठली होती. असलं चाक विलायतेला पाठवायचं, तेही ऑफिसच्या नावाने? मी ते घरी नेलं, चिंच आणि मिठाने घासलं. मग कुसं बोचत होती म्हणून बारीक पॉलिश पेपर फिरवला. दातांची टोकं गोल झाली, झीज दिसेनाशी झाली. चाक नवंकोरं दिसायला लागलं. पत्रात मी 'नमुना सोबत जोडला आहे' एवढंच लिहिलं होतं. झिजलेला आहे, हे लिहिलं नव्हतं. त्या लोकांनी झिजलेल्या चाकाच्या सहा बिनचूक प्रती काढल्या होत्या.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"घासायला कोणी सांगितलं? घरच्यांनी?"

"नाही साहेब. चिंच घरची, हात माझा."

साहेब खिडकीशी गेले. "शनिवारी मी परीक्षा पुढे ढकलल्याचं पत्र पाठवतो. तोपर्यंत तुला काय करायचं ते कर. आणि तावडेला तू सांग. मी सांगणार नाही."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब, भांडी घासूचा काम घरच्यांका देवा. तुम्ही गाडी चालवा." हसला नाही. मीही हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी अप इंजिन उघडलं. त्यातलं चाक तेच, पण कमी वापरातलं. मायक्रोमीटरने मोजलं. ते सातशे साठ थाऊ भरलं, नवीन चाक सातशे बेचाळीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फरक अठरा थाऊंचा. चाकाचा व्यास अठराने कमी, म्हणजे चाकाची कड वर्मपासून नऊ थाऊ लांब. सगळा घोटाळा त्या नऊ थाऊंचा होता.

चाक मोठं करता येत नाही. पण वर्म जवळ आणता येतो. मोटर एका फायबरच्या पातळ पट्टीवर बसवलेली होती. ती पट्टी भरली एकतीस थाऊ. एकतीसातून नऊ गेले, बावीस. मला बावीस थाऊ जाडीची, न दबणारी पट्टी हवी होती.

फायबर घासून पाहिलं. एका कोपऱ्यात वीस, दुसऱ्यात पंचवीस. टाकून दिलं. पोस्टकार्ड मोजलं, नऊ. दोन पोस्टकार्डं अठरा. घालून पाहिली, वर्म चाकात रुतला आणि मोटर तापून वास यायला लागला. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर चोवीस, गाडी सटकली. मी मायक्रोमीटर घेऊन खोलीभर हिंडत होतो आणि दिसेल ते मोजत होतो. कॅलेंडर. फाइलचा टॅग. चहाच्या पुड्याचा कागद. शुक्रवार दुपारपर्यंत अठ्ठावीस वस्तू वहीत लिहून झाल्या होत्या, बावीस एकही नव्हती.

गोम्स साहेबांच्या टेबलावर त्यांची व्हिजिटिंग कार्डं होती. साहेब जेवायला गेले होते. एक मोजलं. अकरा.

दोन कार्डं मोटरच्या मापाने कापली, शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, लावून एकावर एक चिकटवली. वाळल्यावर मोजली, पुन्हा बावीस. बसवली. करंट दिला. इंजिन एकदा अडखळलं आणि निघालं. मी हात पाठीमागे बांधून मोजत राहिलो. एकाहत्तर सेकंद. दुसऱ्या फेरीला सत्तर.

साहेब आले तेव्हा दहावी फेरी चालली होती. त्यांनी स्टॉपवॉच काढलं, एक फेरी पाहिली, दुसरी पाहिली.

"पॅकिंग कशाचं घातलंस?"

"व्हिजिटिंग कार्डाचं, साहेब."

"कुणाच्या?"

"तुमच्या. दोन. विचारायचं राहिलं."

साहेबांनी खिशातलं पत्र काढलं, परीक्षा पुढे ढकलण्याचं, आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "मोटर जळली तर माझं नाव जळणार," एवढंच म्हणाले.

मोटर जळली नाही. तेवीस तारखेला इंजिनाने चौदा उमेदवारांच्या मिळून छप्पन्न फेऱ्या केल्या. तावडेचा नंबर अकरावा होता. मी भिंतीला टेकून उभा होतो, कशालाही हात न लावता. तिसऱ्या फेरीला त्याचा सिग्नल उशिरा पडला. इंजिन स्टेशनाच्या तोंडाशी असलेल्या होम सिग्नलच्या चार बोटं अलीकडे असताना पडला. माझा हात असता तर गाडी नक्की हळू झाली असती. इंजिन हळू झालं नाही. पण सिग्नल पडला होता, आणि नियमात तेवढंच लागतं. तो पास झाला. चौदातला बारावा.

बाहेर येऊन त्याने कपाळ पुसलं. "चार बोटां," तो म्हणाला.

"मोजली मी," मी म्हटलं.

जूनमध्ये त्याला कुर्ल्याच्या पुढची एक केबिन मिळाली. वर छप्पर असलेली.

परीक्षा संपताच मी कंपनीला खरं काय ते लिहिलं होतं आणि योग्य मापाची चाकं मागवली होती. सोबत नमुना म्हणून अप इंजिनातलं जुनं चाक पाठवलं. त्याच्या जागी नव्या सहांतलं एक, साहेबांच्या आणखी दोन कार्डांवर बसवून. घरी पार्सल बांधत होतो. चाक जसं निघालं तसं, ग्रीससकट, आणि वर तांबड्या शाईची चिठ्ठी: झिजलेलं आहे, मूळ माप सातशे साठच्या वर असावं.

सौ.ने ते काळं चाक पाहिलं आणि नाक मुरडलं. "असंच पाठवणार? निदान चिंच तरी लावा."

मी चिंचेचा डबा तिच्या हातातून घेतला आणि फळीवर ठेवला. बिघडलेली वस्तू दुरुस्तीला जाताना बिघडलेलीच दिसली पाहिजे. हे शिकायला मला सहा महिने लागले, आणि दुसऱ्या माणसाची नोकरी पणाला लागली.